आत काय गेलं, हेही विचारा

शहरात मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, म्हणजे एसटीपी, आलं की बातमी ठरलेली असते: किती कोटींचं, किती क्षमतेचं, कोणाच्या हस्ते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत अशा सात केंद्रांचं भूमिपूजन झालं. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप. खर्च सुमारे १७,२०० कोटी, क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. काम गरजेचं आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण क्षमता म्हणजे शुद्धीकरण नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता सुमारे ३१,८०० दशलक्ष लिटर आहे आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती सुमारे २०,२०० वर. उरलेलं पाणी नाल्यात, नदीत, खाडीत जातं. त्या नाल्याकाठी कोण राहतं, हे गोवंडी, मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

म्हणून माझी मागणी साधी आहे. केंद्रात शिरणारं आणि केंद्रातून बाहेर पडणारं, अशा दोन्ही पाण्यांची तपासणी जोडीने व्हावी आणि तिचे आकडे लोकांसमोर असावेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे नुसता निकाल बघून कोणी प्रोग्रॅम पास करत नाही. काय दिलं आणि काय मिळालं, दोन्ही लागतं. पाण्याचंही तसंच आहे. बीओडी हे घाणीचं एक मुख्य माप. ती घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, हे त्यातून कळतं. कच्च्या मैलापाण्यात तो साधारण लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ च्या आदेशात बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी १० ची मर्यादा सांगितली. आता समजा, दोन केंद्रांतून १० बीओडीचं पाणी बाहेर पडतंय. एकात २५० बीओडीचं पाणी शिरलं होतं, म्हणजे ९६ टक्के घाण निघाली. दुसऱ्यात नाल्यातून पावसाचं पाणी मिसळून आलं आणि शिरतानाच बीओडी ४० होता. कागदावर दोन्ही पास. पावसाळा संपला की दुसऱ्याचं पितळ उघडं पडू शकतं.

नुसत्या टक्केवारीवरही जाऊ नका. विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरला एक कोटीपर्यंत असू शकते. त्यातले ९९ टक्के मेले तरी एक लाख उरतात. लवादाच्या त्याच आदेशातली मर्यादा आहे २३०. थोडक्यात, '९९ टक्के शुद्ध' असा फलक लावलेलं केंद्रसुद्धा सपशेल नापास असू शकतं.

नमुना कधी घेतला, हेही विचारायला हवं. सकाळी सगळ्या घरांतून एकदम पाणी येतं, मध्यरात्री ते बरंच कमी होतं. शिवाय सकाळी आत गेलेलं पाणी बाहेर पडायला कित्येक तास लागतात. त्यामुळे अकरा वाजता दोन्ही टोकांना एकेक बाटली भरली, तर आपण दोन वेगवेगळ्या पाण्यांची तुलना करत असतो. खरी तपासणी म्हणजे २४ तासांत ठरावीक अंतराने थोडं थोडं पाणी घेऊन केलेला मिश्र नमुना. बीओडीचा निकाल प्रयोगशाळेत यायला आपल्याकडच्या पद्धतीत तीन दिवस लागतात. ऑनलाइन सेन्सर जो आकडा दाखवतो तो अंदाज असतो आणि प्रयोगशाळेच्या निकालाशी तो वरचेवर ताडून घ्यावा लागतो. दोन दिवस एकच आकडा येत असेल तर पाणी स्थिर नाही, सेन्सर अडकलाय, हे ओळखायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

आत शिरणाऱ्या पाण्याची तपासणी आपल्यालाही आरसा दाखवते. घरगुती मैलापाण्यात सीओडी हा बीओडीच्या साधारण दुप्पट असतो. तो चारपट-पाचपट निघाला, तर कुणीतरी गटारात रसायनं सोडतंय. ती रसायनं केंद्रातल्या कामाच्या जिवाणूंना मारतात आणि सगळी प्रक्रिया कोलमडते. रंगाई, धुलाई, प्लेटिंगचे छोटे कारखाने आपल्याच मोहल्ल्यांत आहेत, आपल्याच लोकांचे आहेत. महापालिकेला जाब विचारताना हेही बोलावं लागेल.

शुद्ध पाणी म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. रंग, चव, वास हे निकष मदरशातलं मूलही सांगेल. १९७८ साली सौदी अरेबियातल्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने निर्णय दिला की मैलापाणी प्रक्रियेने पूर्ण शुद्ध झालं आणि नजासतीचा रंग, चव, वास उरला नाही, तर ते वुजूलाही चालतं. पिण्याच्या बाबतीत त्यांनी आरोग्याच्या कारणाने सावधगिरीचा सल्ला दिला. आणि शुद्ध झालं की नाही, यासाठी आधार घेतला विश्वासू तज्ज्ञांच्या साक्षीचा. आज ती साक्ष म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल. तो कपाटात राहिला तर साक्ष कसली?

कपाट उघडायला कायदा आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५(६) नुसार राज्य मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि ती बाधित व्यक्तीला पाहता येते. तुमच्या केंद्राला कोणती मर्यादा लागू आहे, ते तिथे कळेल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. वर्षभराचे आतले आणि बाहेरचे बीओडी, सीओडी, कोलिफॉर्मचे आकडे मागा. नमुने कधी आणि कोणत्या पद्धतीने घेतले, रोज किती पाणी आलं आणि केंद्र किती दिवस बंद होतं, तेही विचारा.

'आमच्या वस्तीकडे दुर्लक्ष होतं' ही तक्रार बऱ्याचदा खरी असते. पण अधिकारी ती ऐकून फाइल बंद करतो, कारण ती फक्त तक्रार असते. 'मार्चमध्ये आत २४०, बाहेर ९०, तुमची मर्यादा अमुक' असं म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर आपल्यासोबत नाल्याकाठच्या प्रत्येकाच्या कामाचं असतं, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो.

आपल्यातल्या कितीतरी मुलामुलींना एक्सेल येतं, कुणी केमिस्ट्री शिकतंय, कुणी सिव्हिल. तिघं-चौघं जमा, शहरातलं एक केंद्र निवडा आणि या महिन्यात एक अर्ज टाका. उत्तर आलं की आकडे मोहल्ल्याच्या बैठकीत वाचून दाखवा.