मधुमेहाची गोळी, बंदी आणि पेशीतला ‘स्विच’

जून 2013 मध्ये केंद्र सरकारने पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाची विक्री थांबवली. मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, अशी शंका होती. जुलैअखेर बंदी उठली, पण ठळक इशारा छापणं सक्तीचं झालं.

ही गोळी नेमकं करते काय?

पेशीत ‘न्यूक्लिअर रिसेप्टर’ नावाची प्रथिनं असतात. माणसात त्यांचे 48 प्रकार आहेत. योग्य रेणू चिकटला की ती डीएनएवर बसून ठरावीक जनुकांचं काम वाढवतात किंवा कमी करतात. पायोग्लिटाझोन त्यातल्या ‘पीपार-गॅमा’ला चालना देतं. मग चरबीच्या पेशी रक्तातली जादा चरबी साठवून घेतात, यकृत आणि स्नायूंवरचा भार हलका होतो आणि इन्सुलिन नीट काम करू लागतं.

मग अडचण कुठे?

हा एका दिव्याचा स्विच नाही, अख्ख्या मजल्याचा आहे. एका रिसेप्टरच्या हाताखाली अनेक जनुकं असतात. त्यामुळे साखर उतरते, पण वजन वाढतं, शरीरात पाणी साठतं, पायांना सूज येते. म्हणूनच हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना हे औषध टाळायला सांगतात.

थोडक्यात, प्रश्न फक्त बंदी की परवानगी एवढाच नाही. औषध कोणाला, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे महत्त्वाचं. गोळी सुरू असेल तर घाबरून स्वतःहून बंद करू नका. सूज, धाप किंवा लघवीत रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.