वाफेचा हत्ती

फ्रान्समधल्या नान्त शहरात एक हत्ती फिरतो. उंची 12 मीटर, अंग पोलाद आणि लाकडाचं. पाठीवर पन्नासेक माणसं घेऊन तो डुलत चालतो, कातडी कान हलवतो आणि सोंडेतून बघ्यांवर पाण्याचा फवारा उडवतो. फ्रांस्वा देलारोझिएर आणि पिएर ओरेफिस यांच्या कल्पनेतून 2007 साली तो उभा राहिला, तोही बंद पडलेल्या जहाजबांधणी कारखान्याच्या आवारात.

नान्त हे ज्यूल व्हर्नचं जन्मगाव. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न आपल्याही घरचा झालेला. त्याच्या 1880 मधल्या एका कादंबरीत वाफेवर चालणारा हत्ती चाकांवरची घरं ओढत हिंदुस्थान पालथा घालतो. कथेत नानासाहेब पेशवेही आहेत.

नान्तचा कारखाना 1987 मध्ये बंद झाला. योगायोग असा, की जुन्या यंत्रयुगाच्या या ओढीला ‘स्टीमपंक’ हे नाव त्याच वर्षी के. डब्ल्यू. जेटर या लेखकानं दिलं.

ही ओढ कशाची? गिरणीतल्या घामाची, धुराची आठवण कुणाला गोड वाटेल? मला वाटतं, ओढ आहे ती उघड्या यंत्राची. दट्ट्या सरकला की चाक फिरतं, हे डोळ्यांना दिसायचं. हातातला मोबाइल मात्र ताकास तूर लागू देत नाही. नान्तच्या हत्तीचे सांधे लपवलेले नाहीत. पोरं त्याच्या पायांकडेच टक लावून बघतात.

हा अंक अशाच, पोट उघडं ठेवणाऱ्या कलाकृतींविषयी.

— संपादक