आमच्या घरातील मनू

दि. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या समाजाने तथागताच्या धम्मात प्रवेश केला. जन्मावरून ज्ञानाचा अधिकार ठरविणारी व्यवस्था आपण टाकून दिली, असे आपण अभिमानाने सांगतो; सांगावेही. परंतु धम्मबांधवहो, जून महिना उजाडला, शाळाप्रवेशाचे दिवस आले म्हणजे आपल्याच घरात काय घडते? मुलाचे नाव फी घेणाऱ्या इंग्रजी शाळेत जाते, मुलीचे जिल्हा परिषदेच्या शाळेत. दहावीनंतर मुलाला शिकवणीसाठी लातूरला वा पुण्याला पाठविले जाते, मुलीला एस. टी.ने जाऊन परत येता येईल ते कला महाविद्यालय, आणि एस. टी.ची वेळ गैरसोयीची असेल तर तेही नाही. धाकटे भावंड आजारी पडले की कोणाची शाळा बुडते, हे विचारावयासच नको. हा ज्ञानाचा वाटा कशावरून ठरला? जन्मावरूनच ठरला.

यावर उत्तर तयार असते: आम्ही गरीब आहोत. गरिबी खरी आहे; तिची थट्टा आम्ही करणार नाही. लोकांची धुणीभांडी करून मुलीला पदवीपर्यंत नेणाऱ्या माताही आपल्यातच आहेत आणि त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु गरिबीमुळे पैसा थोडा आहे एवढेच सिद्ध होते. तो थोडा पैसा मुलावरच खर्चावा, हे त्यातून सिद्ध होत नाही. ते दुसरे प्रमेय आपण मनूकडून उसने आणले आहे. शिवाय ज्या घरात मुलीच्या फीला पैसा नसतो, त्याच घरात तिच्या लग्नासाठी कर्ज काढले जाते, मांडव पडतो, आणि १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरलेला हुंडा ‘भेट’ या नावाने दिला जातो. वर्षा-दोन वर्षांनी हीच मुलगी पोटगीचा अर्ज घेऊन वकिलाच्या दारात उभी राहते, तेव्हा तो मांडव तिच्या उपयोगी पडत नाही.

काही सुशिक्षित बंधू याहून मोठा दाखला पुढे करतात. रामजी सुभेदारांना दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, म्हणून थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीस लागले आणि भीमराव शिकले. मग आम्ही एकालाच शिकविले तर काय बिघडले? बिघडले ते असे, की आनंदरावांची शाळा ते कन्या म्हणून जन्मले या कारणाने सुटली नव्हती. आणि ज्यांच्यासाठी हा त्याग झाला, त्या बाबासाहेबांनीच १९१३ साली न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात, मुलांच्या बरोबरीने मुलींचे शिक्षण चालविल्यास आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल, असे कळविले होते. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. कन्या झाली म्हणून खिन्न झालेल्या प्रसेनजित राजाला तथागतांनी काय सांगितले, हे तर विहारात आपण अनेकदा ऐकले आहे.

‘एकाला शिकवू, तो सर्वांना वर काढील’, या भरवशाविषयी वकील या नात्याने थोडे विस्ताराने सांगणे आम्हांस भाग आहे. कुटुंबाच्या पैशावर शिकलेल्याची कमाई कोणाची, हा वाद हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात फार जुना आहे. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने अशी कमाई कुटुंबाची ठरविली होती. परंतु १९३० साली स्वतंत्र कायदा करून तो निर्णय फिरविण्यात आला: शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला असला तरी विद्येची कमाई शिकणाऱ्याची स्वत:ची. त्या कायद्याशी आमचे भांडण नाही. पण त्याचा अर्थ ध्यानात घ्या. खर्च सर्वांचा, त्यात शाळा सोडून शेतात गेलेल्या बहिणीची मजुरीसुद्धा आली. फळ मात्र एकट्याचे. पुढे भावाने बहिणीला पाहिले तर तो त्याचा चांगुलपणा. बहिणीचा हक्क नव्हे.

हक्क कोठे आहे तेही पाहा. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, नावात हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. त्यातील ‘निर्वाह’ या शब्दाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांच्याबरोबर शिक्षणही घातलेले आहे. मुलाला तो निर्वाह अज्ञान असेपर्यंतच मागता येतो. अविवाहित कन्या स्वत:चा निर्वाह करण्यास असमर्थ असेल, तर सज्ञान झाल्यावरही आईबापांची जबाबदारी संपत नाही. म्हणजे कायद्याने कन्येकडे अधिक झुकते माप टाकले. आपण ते पारडे उलटे धरले आहे. त्याच व्याख्येत तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही आहे, आणि नेमका तेवढाच भाग आपल्या लोकांना कोणी न सांगता पाठ आहे!

परिणाम जनगणनेत उतरला आहे. २००१ साली देशातील बौद्ध पुरुषांत सुमारे ८३ टक्के साक्षर होते, स्त्रियांत सुमारे ६२. २०११ साली हे आकडे सुमारे ८८ आणि ७४ झाले. अंतर कमी झाले, हे खरे. तरी ते उरलेच. आणि हे मोजमाप केवळ अक्षरओळखीचे आहे, वकिलीचे वा वैद्यकीचे नव्हे.

वाटणीच्या वेळी याच अज्ञानाचा पुन्हा लाभ घेतला जातो. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत १९५६ पासून मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मत: समान हक्क मिळाला. म्हणूनच हल्ली बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेण्याची घाई दिसते. वाचता न येणारी बहीण अंगठा देते, थोडे शिकलेली न वाचता सही करते. असा मसुदा करून घेण्यासाठी जे बंधू आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही प्रथम विचारतो: बहिणीची शाळा कितवीत सुटली, आणि तुमच्या पदवीस एकंदर किती रुपये लागले? ती रक्कम पहिल्या कलमात लिहा, मग पुढील मसुदा करू. अद्याप एकानेही ती लिहून आणलेली नाही.