गॅरेजच्या भिंतीला चकाकी किती हवी?

घराचं रंगकाम निघालं की हॉलच्या भिंतीवर घरात पंधरा दिवस खल चालतो. गॅरेजची पाळी आली की मात्र ‘उरलेला मारून टाका’ एवढ्यावर विषय मिटतो. मला हे अजिबात पटत नाही. घरातली सगळ्यात जास्त मार खाणारी भिंत गॅरेजचीच. मोटरसायकलचं हँडल तिलाच घासतं, ग्रीसचे हात तिलाच लागतात, पावसाळ्यात चाकांचा चिखल आणि वर्षभर सायलेन्सरची काजळी तिच्याच अंगावर. शिवाय गॅरेज ही नुसती गाडी लावायची जागा नाही, तिथं माणसं कामं करतात. एशियन पेंट्स ही आज देशातली सर्वांत मोठी रंगकंपनी. चार मित्रांनी ती १९४२ मध्ये मुंबईतल्या एका गॅरेजातच सुरू केली होती.

दिवाळीआधी आमच्या कोल्हापूरच्या घराचं गॅरेज रंगवायचं आहे. रंगारी म्हणाला, “काका, भिंती, स्लॅब, सगळीकडं ग्लॉसच मारू. पुसायला सोपं आणि उजेडबी जास्त पडंल.” पुसायला सोपं, हे त्याचं म्हणणं खरं आहे. उजेडाचं तेवढं खरं नाही.

रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात: रंग देणारी भुकटी आणि ती धरून ठेवणारा बाइंडर. बाइंडर भरपूर असला की भुकटीचे कण त्यात बुडून जातात, वर गुळगुळीत पापुद्रा धरतो आणि भिंत चकाकते. हाच ग्लॉस. मॅटमध्ये भुकटी जास्त. तिचे कण पृष्ठभागावर डोकं वर काढतात, त्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरतो आणि चमक मरते. त्याच खडबडीत फटींत मळही जाऊन बसतो, आणि ओल्या फडक्यानं जोर लावला तर रंगच फडक्याला येतो. म्हणजे गॅरेजसाठी आपण जादा पैसे मोजतो ते बाइंडरचे, चमक त्याच्यासोबत येते.

आता उजेड. पांढरा मॅट आणि पांढरा ग्लॉस एकूण प्रकाश जवळजवळ सारखाच परत पाठवतात. फरक पडतो तो दिशेचा. ग्लॉस छतावर ट्यूबलाइटची लखलखीत रेघ उमटते आणि बॉनेटखाली वाकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येते. मॅट छत तोच प्रकाश सगळीकडे पसरवून देतं, सावल्या सौम्य होतात. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. गॅरेजच्या स्लॅबला सहसा कुणी नीट गिलावा करत नाही, सेंट्रिंगच्या प्लेटांचे सांधे तसेच दिसत असतात. तिरक्या उजेडात ग्लॉस असा प्रत्येक उंचवटा दाखवून देतो, मॅट झाकतो. आणि छताला हात कोण लावतो? म्हणून छत पांढरं मॅट इमल्शन, यात मला शंका नाही. चुना स्वस्त पडतो, पण त्याची भुकटी गाडीवर झडते. आधीचा चुना असेल तर तो खरवडून काढल्याशिवाय वर इमल्शन मारू नये, चुन्यासकट पोपडे सुटतात.

भिंतींसाठी मला जुन्या शाळा, दवाखाने आणि एसटी स्टँडांची रीत आवडते: खाली ऑइल पेंटचा पट्टा, वर साधा रंग. लोकांचे खांदे, बॅगा, पाय जिथवर पोचतात तिथवरच पुसता येणारा रंग, हे फार शहाणपणाचं होतं. गॅरेजात हा पट्टा चार-साडेचार फुटांपर्यंत घ्यावा, म्हणजे हँडल आणि आरसे त्यात येतात. पट्ट्याला मी पूर्ण ग्लॉसऐवजी सेमी-ग्लॉस घेईन. तो धुता येतो आणि त्यावर ओरखडे कमी उठून दिसतात. वरच्या भागाला सॅटिन, म्हणजे मॅट आणि सेमी-ग्लॉस यांच्या मधली चमक, पुरे.

हे सगळं भिंत कोरडी असेल तर. आमच्याकडच्या पावसात, आणि कोकणात तर विचारायलाच नको, भिंती ओल पितात. त्यावर ऑइल पेंटचा पापुद्रा चढवला की ओल आत कोंडते, फुगे येतात, मग पोपडे. भिंतीला लोणा लागला असेल तर आधी पाण्याची वाट शोधून बंद करावी. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला रात्रभर लावून ठेवावा. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं तर रंग थांबवावा. नव्या सिमेंटच्या गिलाव्यालाही घाई नको. त्यातला अल्कली ऑइल पेंटमधल्या तेलाचा अक्षरशः साबण करून टाकतो आणि रंग चिकट होऊन सुटतो.

जुना ऑइल पेंट पॉलिश पेपरनं कोरडा घासू नये, याबद्दल मी आग्रही आहे. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग ठरवली, ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत घातक. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, मुलांना लांब ठेवावं, निघालेला चोथा ओला असतानाच गोळा करावा.

रंगाऱ्याला मी छतापासून सुरुवात करायला सांगितलं आहे. सेमी-ग्लॉसचा नमुना तो आधी दाराजवळच्या कोपऱ्यात लावेल, आणि रात्री ट्यूब लावून तिरक्या नजरेनं बघितल्यावरच आम्ही डबे आणू.