विजयाची व्याख्या कोणी लिहायची?

मे महिन्याच्या दुपारी 'व्यापार'चा पट कधीच मांडला गेला नाही, असे मध्यमवर्गीय मराठी घर विरळाच. शहरे विकत घ्यायची, त्यांवर घरे बांधायची, दुसऱ्याची सोंगटी तेथे येऊन पडली की भाडे वसूल करायचे आणि एक जण सोडून बाकी सारे कफल्लक झाले की डाव संपवायचा. धाकटे भावंड बहुधा रडतच उठते. घरातील वडीलधारे त्याची समजूत घालतात, 'अरे, खेळच तो!' परंतु इतरांना कफल्लक करणे म्हणजेच जिंकणे, हा नियम मुळात कोणी ठरविला, असा प्रश्न त्या घरात कोणीही विचारत नाही.

तो प्रश्न विचारला, तर उत्तर मोठे उद्बोधक आहे. या खेळाच्या पूर्वजाचे पेटंट अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी या विदुषीने १९०४ साली घेतले. अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांच्या विचारांचा तिच्यावर प्रभाव होता. जमिनीच्या भाड्यावर मूठभर लोक गबर कसे होतात आणि बाकीचे नागवले कसे जातात, हे तिला खेळातून दाखवायचे होते. त्यासाठी तिने एकाच पटाकरिता नियमांचे दोन संच मांडले. एकात मक्तेदार जिंकत असे. दुसऱ्यात संपत्ती निर्माण झाली की तिचा लाभ सर्व भिडूंना मिळत असे. पुढे १९३५ साली 'मोनोपॉली' या नावाने जो खेळ बाजारात आला, त्यात पहिला संच तेवढा उरला. पट तोच, फासेही तेच. परंतु नियमांचे एक पान गळाले आणि जो खेळ इशारा म्हणून जन्मला, तो हव्यासाची तालीम होऊन बसला.

एका पानाचे एवढे सामर्थ्य असेल, तर ज्या खेळांचा विषयच राष्ट्र उभारणे हा आहे, त्यांची नियमावली किती गांभीर्याने वाचली पाहिजे?

विस्ताराचा मंत्र

संगणकावर राष्ट्र उभारण्याच्या खेळांची एक मोठी परंपरा आज आहे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा 'सिव्हिलायझेशन' १९९१ साली आला आणि या प्रकाराचा मानदंड ठरला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी मूठभर वसाहतकारांपासून आरंभ करायचा, नगरे वसवायची, विद्या संपादन करायच्या आणि शेवटी एकतर जग जिंकायचे, नाहीतर दूरच्या ताऱ्याकडे यान धाडायचे, अशी त्याची मांडणी. या खेळांच्या संपूर्ण जातीला १९९३ साली अ‍ॅलन एमरिक या लेखकाने चार क्रियापदांचे नाव दिले. त्यांचा मराठी अर्थ शोधा, पसरा, ओरबाडा आणि संपवा असा होतो. एमरिकने ते थोड्या गमतीने म्हटले असेलही. पण वर्णन म्हणून ते अचूक आहे. जो आधी पसरतो त्याला अधिक मिळते आणि ज्याला अधिक मिळते तो आणखी वेगाने पसरतो. अनेक भिडू आपापल्या घरी बसून एकच डाव खेळू लागले की पहिल्या तासाभरातच निकाल कळून चुकतो आणि उरलेला वेळ मागे पडलेल्यांनी निमूटपणे चिरडून घेण्यात जातो.

या मालिकेतील २०१६ सालचा सहावा खेळ पाहावा. त्यात जिंकण्याचा एक मार्ग धर्माचा आहे. तो असा, की आपण स्थापिलेला धर्म खेळातील प्रत्येक राष्ट्रात बहुसंख्यांचा झाला पाहिजे. श्रद्धा हे तेथे साठवण्याचे आणि खर्चण्याचे चलन आहे. त्या चलनातून धर्मप्रचारक विकत घेता येतात आणि हे प्रचारक एकमेकांशी रणांगणावर लढतातदेखील. ज्याचा धर्म दुसऱ्याच्या घरात शिरत नाही, तो या मार्गाने कधीही जिंकू शकत नाही. धर्म म्हणजे पसरणारी, दुसऱ्याला हटविणारी गोष्ट, ही समजूत येथे कोणी भाषण करून सांगत नाही. ती मुकाट्याने नियमात बसलेली आहे.

खेळ रचणाऱ्यांवर अन्याय होऊ नये, म्हणून हेही नमूद केले पाहिजे, की त्याच खेळात भारताला 'धर्म' नावाचा एक विशेष गुण दिलेला आहे. भारताच्या नगरात जितक्या पंथांचे अनुयायी नांदतात, त्या सर्वांच्या श्रद्धांचा लाभ त्या नगराला मिळतो. कोणी तरी अभ्यास केला होता, एवढे त्यावरून खचितच दिसते. परंतु हा झाला अपवाद. विजयाची व्याख्या होती तशीच राहिली.

चंद्रगुप्ताची कथा याहून बोलकी आहे. २०१८ साली या खेळाच्या पुरवणीत चंद्रगुप्त मौर्य आला आणि त्याच्या गुणाचे नाव 'अर्थशास्त्र' असे ठेवण्यात आले. नाव वाचून कोणाही भारतीयाची मान ताठ व्हावी! प्रत्यक्षात तो गुण काय आहे? प्रदेशविस्तारासाठी युद्ध पुकारले, की पहिल्या दहा चालींपर्यंत सैन्याचा वेग आणि बळ वाढते. ज्या ग्रंथाची पंधरा अधिकरणे आहेत, ज्यात शेती, खाणी, वजने-मापे, कालवे, न्याय, अनाथांचा सांभाळ आणि भ्रष्ट अधिकाऱ्यांची लबाडी ओळखण्याचे उपाय आहेत, त्याचे सार दहा चालींची घोडदौड!

त्याच पुरवणीत कॅनडातील क्री या मूलनिवासी समाजाचे नेते पाउंडमेकर यांनाही स्थान मिळाले होते. त्यांच्या वारसदार समाजाचे एक प्रमुख मिल्टन टूटूसिस यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. इतर लोकांना आणि भूमीला जिंकणे हे वसाहतवाद्यांचे मूल्य होते. आमच्या पूर्वजांचेही तेच होते, असा भ्रम या खेळाने पसरतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या आक्षेपाची जात आपल्याला ओळखीची वाटावी अशीच आहे. चित्र सुंदर असते, वेश बरोबर असतो, संगीतही मधुर असते. चुकीचा असतो तो नियम. आपल्याकडे मात्र चित्रात मिशी कशी काढली यावर निवेदने निघतात आणि नियमांचे पान न वाचता बाजूला पडते.

प्रवचन नव्हे, पट

मग बंदीची मागणी करावी काय? तिने काय साधणार? आपल्या नियमांचा खेळ रचणे, हेच खरे उत्तर आहे आणि ते अवघड आहे. त्यातील पहिला सापळा आपल्याच उत्साहाचा असतो. 'देशी खेळ' म्हणून ज्या कल्पना पुढे येतात, त्यांत बहुधा आपला नायक प्रत्येक वेळी जिंकतो आणि भिडूने मध्येमध्ये सुविचार वाचायचे असतात. असल्या खेळाला मुले दुसऱ्या दिवशी हात लावत नाहीत आणि ते योग्यच आहे. निकाल आधीच ठरलेला असेल, तर ते कीर्तन होईल, खेळ होणार नाही. आणि कीर्तन ऐकण्यासाठी कीर्तनकार अधिक चांगला.

नियम रचायला सामग्री हवी, आणि ती आपल्यापाशी मुबलक आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती उघडावी. राज्याची सात अंगे कौटिल्याने सांगितली आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. अनेक भिडूंच्या, भूमिका घेऊन खेळायच्या खेळाला याहून चांगला सांगाडा कोणता मिळणार? उन्हाळी शिबिरात वीस मुले असतील, तर चार राज्ये करावीत आणि प्रत्येक राज्यात पाच जणांनी स्वामी, अमात्य, कोशपाल, दुर्गपाल आणि सेनापती व्हावे. सेनापतीला घोडे हवेत, कोशपालाला शिल्लक हवी, दुर्गपालाला तट बांधायचे आहेत. राज्यातल्या राज्यातच ओढाताण सुरू झाली, की स्वामी होणे किती कठीण, हे बाराव्या वर्षीच समजते. कोणत्या अंगाचे संकट अधिक भारी, यावर खुद्द प्राचीन आचार्यांतही वाद होता. भारद्वाज म्हणतो, राजापेक्षा अमात्य गमावणे वाईट. कौटिल्य ते मान्य करीत नाही. खेळात हा वाद मिटवू नये, तो भिडूंवर सोपवावा.

पण जनपद कोणी खेळायचे? परदेशी खेळांत आणि 'व्यापारा'तही भूमी मुकी असते; ती केवळ पिकते आणि भाडे देते. कौटिल्याला ती मुकी वाटत नाही. दरिद्री झालेली प्रजा लोभी होते, लोभी झालेली विरक्त होते आणि विरक्त झालेली शत्रूला जाऊन मिळते किंवा धन्याचाच घात करते, असे तो बजावतो. छत्रपती शिवरायांनी १६७३ साली चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना धाडलेल्या पत्रातील धाक हाच आहे. रयतेकडून दाणा-गवत ओरबाडाल, तर मोगल बरे होते असे तिला वाटू लागेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असे सांगितले आहे. यांतून एक नेमका नियम निघतो. प्रत्येक राज्याची रयत शेजारच्या राज्यातील एका भिडूच्या हाती द्यावी. कर वाढला, सैन्य गावावरून गेले, की रयतेने राहायचे की गाव सोडायचे, हे त्याने ठरवावे. मग गवताच्या काडीलाही किंमत येते. ज्याच्या हाती शेजाऱ्याची रयत आहे, तो मुद्दाम बंड करवील, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय एवढाच, की सोडून गेलेल्या रयतेने कोठे जायचे, हे त्या भिडूच्या हाती नसावे; ज्या राज्याचा कर सर्वांत हलका, तेथे ती जावी.

शब्दाची किंमत

तहांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अ‍ॅलन कॅल्हॅमर या अमेरिकन गृहस्थाने पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपवर 'डिप्लोमसी' हा खेळ रचला. प्रकाशक मिळेना, तेव्हा १९५९ साली त्याने पदरमोड करून ५०० प्रती छापल्या. पटावर सात सत्ता आणि ३४ केंद्रे. जो १८ केंद्रे घेईल तो जिंकला. फासे नाहीत, दैव नाही. प्रत्येक तुकडीचे बळ सारखेच, त्यामुळे दुसऱ्याच्या मदतीवाचून कोणी कोणाला सहसा हटवू शकत नाही. भिडूंनी कोपऱ्यात जाऊन खलबते करायची, वचने द्यायची. मग प्रत्येकाने आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहायचे आणि सर्वांचे हुकूम एकाच वेळी उघडायचे. दिलेले वचन पाळण्याचे बंधन कोणावरही नाही. नियमांची रचना म्हणून हा खेळ नितांत सुंदर आहे. मात्र त्यात दगा हेच मुख्य शस्त्र होते आणि जुने मित्र अबोला धरून घरी जातात!

कौटिल्याला कपटाचा आचार्य मानणाऱ्यांनी त्याचे येथील मत मुद्दाम पाहावे. पूर्वाचार्य म्हणत, सत्यावर किंवा शपथेवर केलेला तह चंचल असतो. जामीन किंवा ओलीस घेऊन केलेला तह टिकाऊ. कौटिल्य हे उलटवितो. सत्य आणि शपथ यांवरचा तह इहलोकी आणि परलोकीही स्थिर असतो, जामीन मात्र केवळ इहलोकीचा, असे तो म्हणतो. खेळात परलोक कसा आणायचा? तो आणता येतो. एक डाव संपला की शब्द मोडल्याची नोंद पुसू नये. ती पुढच्या डावात त्या भिडूबरोबर चालत यावी. शिबिराच्या सात दिवसांत सात डाव झाले, तर पहिल्या दिवशी दगा देणाऱ्याला सातव्या दिवशी कोण मित्र देईल?

आणि विजयाचे काय? अर्थशास्त्राच्या बाराव्या अधिकरणात जिंकणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. धर्मविजयी शरणागतीवर संतुष्ट होतो. लोभविजयी भूमी आणि धन घेऊन थांबतो. असुरविजयी मात्र भूमी, धन, बायका-मुले आणि प्राण सारेच हिरावतो. संगणकावरील धर्माने मिळवायचा विजय आणि हा धर्मविजय यांत शब्द एकच आहे, पण अर्थ दोन टोकांना आहेत. 'पसरा, ओरबाडा, संपवा' म्हणणाऱ्या खेळांना विजेता बहुधा तिसऱ्याच जातीचा ठाऊक आहे. आपल्या नियमावलीत तिघांनाही जागा असावी, पण गुण निरनिराळे असावेत. असुरविजयी झटपट वाढेल. मात्र त्याने संपविलेले राज्य त्याला कधीच मित्र म्हणून मोजता येणार नाही. धर्मविजयीची भूमी वाढणार नाही, पण सातवे अंग बळकट होईल. हे गणित पहिल्या प्रयत्नात जमणार नाही. पुठ्ठ्याचा पट आणि चिंचोके घेऊन दहा-वीस डाव मोडावे लागतील.

त्या चाचणीत सर्वांत आधी लक्ष द्यावे ते तिसऱ्याच फेरीत राज्य गमावून बसलेल्या मुलाकडे. 'व्यापारा'त तो रडत उठतो, संगणकावर तो यंत्र बंद करतो आणि अंगणातल्या खेळात त्याला दया म्हणून कच्चा लिंबू करतात. ते बारावे अधिकरण मुळात दुर्बळ राजासाठीच लिहिलेले आहे. बलाढ्यापुढे वेतासारखे वाकावे, असे भारद्वाज सांगतो. सर्व बळ एकवटून लढावे, असे विशालाक्ष म्हणतो. कौटिल्याला दोन्ही अपुरे वाटतात. सदैव वाकणाऱ्याचे जगणे हताशाचे आणि अल्प बळावर लढणारा समुद्रात तराफ्यावाचून उतरणारा. म्हणून तो दुर्बळाला सबळाचा किंवा अजिंक्य दुर्गाचा आश्रय, दूत, बोलणी आणि शत्रूच्या मंडळात फूट पाडण्याच्या युक्ती देतो. तिसऱ्या फेरीत हरलेल्या त्या मुलाच्या हाती चौथ्या फेरीसाठी नेमक्या कोणत्या चाली असतील, हे पान नियमावलीत सर्वांत आधी लिहिले जावे.