मुलांमधील ल्युपस : लाली गालावर, धोका मूत्रपिंडाला

बारा-तेरा वर्षांच्या मुलीला महिनाभर अधूनमधून ताप येतो. सकाळी बोटे आखडतात, केस गळतात, शाळेतून येताच ती थकून आडवी होते. ताप टायफॉइडचा समजला जातो, सांधेदुखी वाढत्या वयाची आणि गालांवरची लाली उन्हाची. ही लक्षणे एकत्र दिसली, तर ल्युपसची शंका घ्यायला हवी.

ल्युपस संसर्गजन्य नाही. जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती या आजारात स्वतःच्याच शरीरावर उलटते. सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत त्याची सुरुवात बालपणी किंवा किशोरवयात होते. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये, विशेषतः वयात आल्यावर, तो जास्त आढळतो.

नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखी पसरलेली लाली ही त्याची ठळक खूण. पण ती प्रत्येक रुग्णात दिसतेच असे नाही. टाळूवर न दुखणारे व्रण, उन्हाने उठणारे चट्टे, रक्त कमी होणे हीदेखील लक्षणेच. खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये मूत्रपिंडांना सूज येण्याचे प्रमाण अधिक असते आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब वारंवार तपासावे लागतात. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसणे याकडे दुर्लक्ष करू नये.

रक्ताची 'ए.एन.ए.' तपासणी जवळजवळ सर्व रुग्णांत पॉझिटिव्ह येते. पण ती काही निरोगी मुलांतही तशी येते. केवळ त्या अहवालावरून घाबरून जाऊ नये.

अमेरिकेत १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानानंतर चार वर्षांनी सुमारे निम्मेच रुग्ण हयात होते. आज वेळेवर योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक मुले मोठी होतात, शिकतात, संसार करतात. आजार शांत असताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मातृत्वही शक्य असते. मात्र ल्युपस मुळापासून जात नाही. मधुमेहासारखा तो सांभाळावा लागतो.

या सांभाळण्यात मुख्य आधार हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांचा. स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, वजन वाढते. दीर्घकाळ घेतल्यास उंची खुंटणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू असे त्रास संभवतात. चेहरा बदलल्याने किशोरवयीन मुली गुपचूप गोळ्या सोडतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. स्टिरॉइड एकदम थांबवल्यास जीवावर बेतू शकते आणि दबलेला आजार पुन्हा उसळून मूत्रपिंडे कायमची निकामी करू शकतो. मात्रा डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

अशा मुलीला रागावण्यापेक्षा तिचे दुःख समजून घ्यावे. उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि सनस्क्रीन वापरावे. ताप आल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. कोणतीही लस देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, डोळ्यांची तपासणी चुकवू नये. आणि तब्येत छान वाटत असली, तरी लघवीची तपासणी टाळू नये.