एका पानावर मावणारा अ‍ॅम्प

फेंडर कंपनीच्या जुन्या ‘चॅम्प’ या गिटार अ‍ॅम्पला एकच बटण होते. त्यानेच अ‍ॅम्प चालू करायचा, त्यानेच आवाज वाढवायचा. बास नाही, ट्रेबल नाही. आत तीन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, मूठभर रेझिस्टन्स-कंडेन्सर आणि आठ इंची स्पीकर. ताकद जेमतेम पाच वॉट. 1950च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये तो बनत असे, तोही गिटार शिकू लागलेल्यांसाठी. पुढे 1970 साली ‘लैला’ हा अल्बम ध्वनिमुद्रित करताना एरिक क्लॅप्टनने असलाच चॅम्प वापरला आणि या डबड्याचा भाव वधारला.

आज जगभरचे हौशी लोक हा अ‍ॅम्प घरी बनवतात. पैसे वाचतील म्हणून मात्र कोणी या वाटेला जाऊ नये. व्हॉल्व्ह आता मोजक्याच देशांत बनतात. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन ही त्यातली मुख्य नावे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर परदेशातून मागवला तर वजनामुळे टपालखर्च चढतो आणि वर सीमाशुल्क भरावे लागते. व्हॉल्व्हचा आवाज दुसऱ्या कशाला येणे नाही, हा दावाही पूर्वीइतका टिकत नाही. खुद्द फेंडरनेच 2019 मध्ये ‘टोन मास्टर’ मालिकेत आपल्या नावाजलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या डिजिटल आवृत्त्या आणल्या. वजन जवळपास निम्मे, आणि फरक सांगताना भल्याभल्यांना कान टवकारावे लागतात.

तरीही हा खटाटोप करावा, कारण हे यंत्र वाचता येते. चॅम्पचे सगळे सर्किट एका पानावर मावते. गिटारकडून आलेला क्षीण संकेत 12एएक्स7 या व्हॉल्व्हच्या एका अर्ध्यात वाढतो, आवाजाच्या बटणातून दुसऱ्या अर्ध्यात जातो आणि तिथून 6व्ही6 त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. तिसरा व्हॉल्व्ह, 5वाय3, एसीचा डीसी करतो. बटण पुढे नेले की 6व्ही6ची धाव संपते, स्वराची टोके हळूहळू दबू लागतात आणि वादकांना हवा असलेला किंचित फाटलेला आवाज मिळतो. यात झाकून ठेवलेले असे काहीच नाही.

अशा उघड्या यंत्रातून काय घडते, याचा दाखला लंडनमध्ये आहे. हॅनवेलमध्ये ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने 1962 च्या सुमारास केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरले आणि फेंडरच्या ‘बासमन’ अ‍ॅम्पचे सर्किट समोर ठेवून स्वतःचा अ‍ॅम्प उभा केला. सर्किट जवळजवळ तेच. पण स्पीकर ब्रिटिश, पेटी वेगळी. आवाज बदलला आणि ब्रिटिश रॉकला आपला सूर सापडला. बासमन सीलबंद असता तर मार्शल ड्रमच विकत राहिला असता.

हे कसब आपल्याकडेही होते. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी व्हॉल्व्ह बनत, आणि ते तपासून बदलणारे रेडिओ मेकॅनिक गावोगावी होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टन्स, कंडेन्सर, स्विच आजही मिळतात. मेन्स ट्रान्सफॉर्मर मात्र 230 व्होल्टचाच हवा. अमेरिकेतला 120 व्होल्टचा इथल्या प्लगला लावला तर क्षणात जळेल.

एका बाबतीत जुन्याची नक्कल मुळीच करू नये. त्या काळच्या अनेक अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांचा प्लग असे आणि मेन्सची एक बाजू कंडेन्सरमधून चासीला जोडलेली असे. तो कंडेन्सर शॉर्ट झाला की गिटारच्या तारांत वीज उतरायची. आज बनवायचा तर तीन पिनांचा प्लग, फ्यूज आणि चासीला पक्के अर्थिंग हवेच. आत 300 व्होल्टच्या वर डीसी खेळतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठून राहतो. रेझिस्टन्स लावून तो उतरवायचा, मल्टिमीटरने खात्री करायची आणि मगच हात घालायचा. शिकाऊ माणसाने हे काम जाणकाराशेजारी बसूनच करावे.

पहिल्यांदा वीज देताना अ‍ॅम्प सिरीज बोर्डवर, म्हणजे वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डवर, लावतात. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. कधी अ‍ॅम्प सुरू होताच किंचाळतो. फीडबॅक उलटा पडलेला असतो. वीज बंद करून, कंडेन्सर उतरवून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की काम झाले. घरघर येत असेल तर तिचा सूर ऐकायचा. 50 हर्ट्झची असेल तर फिलामेंटच्या वायरी नीट पिळलेल्या नाहीत किंवा अर्थिंगची जोडणी चुकली आहे. 100 हर्ट्झची असेल तर पॉवर सप्लायच्या कंडेन्सरवर संशय घ्यायचा. बिघाडाचे कारण कानाने ओळखायला शिकवणारी यंत्रे आता उरलीत किती?

नव्या अ‍ॅम्पमध्ये, मिक्सरमध्ये, टीव्हीत तांदळाच्या कणीएवढे भाग बोर्डवर बसवलेले असतात आणि मेकॅनिक ‘पूर्ण बोर्ड बदलावा लागेल’ म्हणतो. त्याचा दोष थोडा. त्याच्या हाती सर्किटच नसते. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, ते योग्यच झाले. पण वापराची पुस्तिका आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळाल्याने गल्लीतल्या दुकानदाराचे काम भागत नाही. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक तरी पूर्ण यंत्र मुलांकडून शून्यापासून बांधून घ्यावे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प त्याला उत्तम. आणि सरकारने कंपन्यांना, विकलेल्या प्रत्येक उपकरणाचे सर्किट आणि सुटे भाग निदान दहा वर्षे मिळतील, अशी सक्तीची अट घालावी.